बोटीतून आलेला काळ

भाच्याचा फोन आला तेव्हा आमच्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजले होते, त्याच्याकडे दुपारचे साडेबारा. कॅनडाच्या अगदी पूर्व टोकाला न्यूफाउंडलंड नावाचं बेट आहे. तिथल्या सेंट जॉन्स शहरात तो शिकायला गेला, त्याला तेव्हा तीनच आठवडे झाले होते.

“मामा, हे लोकं काय म्हणून राहिले, काई समजूनच नाही राहिलं.”

झालं होतं असं. त्याची घरमालकीण, सत्तरीची बाई, सकाळी त्याला म्हणाली, “आय’म आफ्टर पुटिंग द केटल ऑन.” शाळेत शिकलेल्या इंग्रजीच्या हिशेबाने त्याने अर्थ लावला : बाई चहाचं आधण ठेवायच्या मागे आहेत, म्हणजे ठेवणार आहेत. उगाच त्रास नको म्हणून “नको, नको” करत तो बाहेर पडला. बाईंचा चेहरा उतरला. आधण त्यांनी केव्हाच ठेवलं होतं. कपसुद्धा दोन काढले होते. ‘मी आत्ताच आधण ठेवलंय’ एवढाच त्या वाक्याचा अर्थ होता. जे घडून गेलं होतं, ते भाच्याने घडणार आहे असं ऐकलं.

त्याला सांगण्यासारख्या दोन गोष्टी माझ्याकडे होत्या. पहिली ही, की या बाईंचं इंग्रजी चुकीचं नाही. त्यात आयरिश भाषेतला एक काळ आहे, आणि तो दोनेकशे वर्षांपूर्वी बोटीतून तिथे आला. दुसरी ही, की भाच्याचं स्वतःचं वाक्य, ‘म्हणून राहिले’ आणि ‘समजून नाही राहिलं’, हाही त्याच जातीचा प्रकार असावा. पहिली गोष्ट मी तासभर सांगितली. दुसरी सांगायला जीभ रेटली नाही. तो सात-आठ वर्षांचा असताना ‘जेवून राहिलो’ म्हणाला की ‘जेवतो आहे म्हण’ असं त्याला दरडावणारा मीच होतो.

हे मराठी नव्हे

मी मूळ अमरावती जिल्ह्यातला. १९८६ साली पुण्याला शिकायला आलो. पहिल्याच आठवड्यात खाणावळीत कुणीतरी हाक मारली आणि मी ओरडून सांगितलं, “जेवून राहिलो!” “जेवून कुठे राहिलास?” असा उलटा प्रश्न आला आणि सगळी पंगत हसली. पुढे एका प्राध्यापकांनी माझ्या निबंधातल्या तसल्या तीन वाक्यांखाली लाल रेघ ओढून कडेला लिहिलं : ‘हे मराठी नव्हे.’ वर्षभरात मी बोली बदलली. सुट्टीत गावी गेलो की आई म्हणायची, “तू पाव्हण्यासारखा बोलून राहिला.” ते तिने कौतुकाने म्हटलं असं मी कित्येक वर्षं समजत होतो.

भाषाशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. मी एका सहकारी बँकेत रोखपाल होतो. दिवसभर नोटा मोजायच्या आणि रात्री व्याकरणं वाचायची, असा माझा सत्तावीस वर्षांचा क्रम. त्या वाचनामागे प्रश्न एकच होता. शब्द एका भाषेतून दुसरीत जातात हे पोरासोरांनाही ठाऊक आहे. बटाटा आणि टेबल आपण घेतलेच की. पण काळ? क्रियापदाची घडण म्हणजे भाषेचा अस्थिपंजर. परक्या भाषेची माणसं येऊन राहिली, तर या हाडांनाही बाक येतो का? आणि आला, तर तो त्यांच्यामुळेच आला हे कशावरून म्हणायचं?

याची सर्वांत चांगली परीक्षा इंग्रजीवर घेता येते. ही भाषा गेली चारशे वर्षं इतक्या परक्या जिभांवर बसली आहे, आणि तिची जुनी लिखापढी इतकी शाबूत आहे, की आधी काय होतं आणि नंतर काय झालं, हे ताडून पाहता येतं.

‘आफ्टर’चं मूळ

आयरिश भाषेत ‘असणे’ आहे, पण इंग्रजीतल्या ‘हॅव’सारखं, मालकी सांगणारं क्रियापद नाही. आयरिश माणूस ‘पुस्तक माझ्यापाशी आहे’ असंच म्हणतो. आपल्याला यात काही नवल वाटत नाही, कारण मराठीतही ‘हॅव’ नाही. पण इंग्रजीचा पूर्ण वर्तमानकाळ उभा आहे तो या ‘हॅव’च्याच खांबावर : आय हॅव ईटन. ज्याच्या भाषेत तो खांबच नाही, त्याने ‘मी नुकताच जेवलो आहे’ हे कसं सांगायचं? आयरिशमध्ये त्याची सोय अशी : ‘ता मे तार एश’, म्हणजे ‘मी आहे नंतर’, आणि त्यापुढे जे केलं ते. ‘मी आहे जेवणं-नंतर.’ जेवणाच्या पलीकडच्या काठावर मी उभा आहे, असा त्याचा भाव.

इंग्रजी शिकताना आयरिश माणसांनी हा साचा जसाच्या तसा उचलला आणि त्यात इंग्रजी शब्द ओतले : आय’म आफ्टर ईटिंग. प्रत्येक शब्द इंग्रजी, मात्र काळ आयरिश. पी. डब्ल्यू. जॉइस यांनी १९१० साली ‘इंग्लिश अ‍ॅज वी स्पीक इट इन आयर्लंड’ हे पुस्तक लिहिलं. त्यात हा उगम स्वच्छ सांगितला आहे. जॉइस लिमरिक भागातल्या खेड्यात १८२७ साली जन्मले. दोन्ही भाषा कानांवर पडतच ते वाढले. पुस्तकासाठी त्यांनी १८९२ मध्ये वर्तमानपत्रांना पत्र धाडून लोकांकडून बोलीतले शब्द आणि वाक्यं मागवली होती. माझ्यासारख्या हौशी माणसाला हा गृहस्थ घरचा वाटतो.

पण जॉइस यांच्या सरळ उगमकथेत एक गाठ आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या रंगभूमीवरच्या आयरिश पात्रांच्या तोंडी हा ‘आफ्टर’ घातला गेला. टॉमस शॅडवेल यांच्या ‘द लँकशर विचेस’ या १६८१ च्या नाटकातला आयरिश पाद्री तसंच बोलतो. अ‍ॅलन ब्लिस यांनी १६०० ते १७४० या काळातले असे सत्तावीस नमुने एकत्र करून १९७९ मध्ये छापले. या जुन्या नमुन्यांत पुष्कळ ठिकाणी अर्थ निघतो तो भूतकाळाचा नाही, भविष्याचा : ‘मी अमुक करीन’. बरीच वर्षं अभ्यासकांचा समज असा की हे इंग्रज नाटककारांचं अज्ञान. आयरिश लोकांची टवाळी करताना त्यांना त्यांचं व्याकरण कळलंच नाही. पुढे केव्हिन मॅकॅफर्टी यांनी २००४ च्या एका शोधनिबंधात उलट बाजू मांडली : हा भविष्यवाचक वापर खरोखरच आयरिश माणसांच्या तोंडी होता. दोन भाषा एकमेकींना भिडल्या की पहिल्याच दिवशी घडी बसत नाही. इंग्रजीत ‘आफ्टर’ म्हणजे ‘मागे लागलेला’ असाही अर्थ आहे, आणि तो भविष्याकडे बोट दाखवतो. दोन्ही अर्थ काही काळ झगडले, मग एक उरला.

हे वाचलं तेव्हा मला भाच्याचा चहा आठवला. तीन आठवड्यांच्या पाहुण्याने जो गोंधळ केला, तसलाच गोंधळ एकेकाळी अख्ख्या देशाने पचवला होता.

वॉटरफर्डची माणसं

आता बोटींकडे वळू. न्यूफाउंडलंडच्या समुद्रात कॉड मासा अमाप होता. इंग्लंडच्या नैऋत्येकडच्या डेव्हन आणि डॉर्सेट भागांतली गलबतं दर वसंतात तिकडे जात. वाटेत आयर्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावर वॉटरफर्ड बंदरात थांबून खारवलेलं डुकराचं मांस आणि लोणी भरून घेत. पुढे पुढे शिध्याबरोबर माणसंही भरू लागली. आधी ती हंगामापुरती जात, नंतर तिथेच राहू लागली. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांत हा ओघ सर्वांत मोठा होता, म्हणजे आयर्लंडच्या १८४५ च्या महादुष्काळाच्याही आधी. विशेष असं की ही माणसं आयर्लंडभरातून आलेली नव्हती. बहुतेक सगळी वॉटरफर्डच्या आसपासच्या टापूतली : वेक्सफर्ड, किलकेनी, टिपररी यांचे लगतचे भाग आणि खुद्द वॉटरफर्ड. १८३० च्या दशकापर्यंत बेटावरची जवळपास निम्मी वस्ती आयरिश झाली होती. त्यांतल्या अनेकांची घरची भाषा आयरिशच होती. या बेटाला आयरिशमध्ये स्वतंत्र नाव आहे, ‘तालव अन एश्क’, मासळीची भूमी.

त्या बेटावर आयरिश भाषा टिकली नाही. पण तिचा काळ टिकला. आणि तो केवळ आयरिश वंशजांकडेच राहिला असता तर मी एवढं लिहिलंच नसतं. सँड्रा क्लार्क यांनी २०१० मध्ये न्यूफाउंडलंडच्या इंग्रजीवर पुस्तक लिहिलं आहे. त्यावरून दिसतं की ‘आफ्टर’चा हा वापर बेटभर पसरला, ज्यांचे पूर्वज डेव्हन-डॉर्सेटचे होते त्यांच्याही तोंडी तो बसला. शिवाय अर्थही रुंदावला. आयर्लंडमध्ये तो मुख्यतः ताज्या घटनेसाठी येतो. इथे जुन्या घटनांसाठीही चालतो. ज्या घरात आयरिशचा एक शब्द कधी कुणी बोललं नाही, त्या घरातली आजी आयरिश काळात चहा करते.

१९४९ मध्ये हे बेट कॅनडात सामील झालं, १९९२ मध्ये कॉडची मासेमारी सरकारला बंद करावी लागली, आणि गावंच्या गावं कामासाठी मुख्य भूमीकडे निघाली. पुन्हा बोट, पुन्हा परका मुलूख. आणि तिथे पुन्हा ‘हे इंग्रजी नव्हे’ म्हणणारं कुणीतरी.

तीन प्रश्न

अशा दाव्यांना मी आता तीन प्रश्न विचारतो. जी रचना उसनी म्हणता, ती मूळ भाषेत आहे का? ती भाषा बोलणारी माणसं त्या जागी, त्या काळात, पुरेशा संख्येने होती का? आणि जुन्या इंग्रजीत ती रचना आधीपासून नव्हती ना? ‘आफ्टर’ तिन्ही प्रश्नांना उतरतो.

सगळेच उतरत नाहीत. आयरिशमध्ये ‘आहे’ आणि ‘असतो’ ही वेगळी रूपं आहेत, अगदी मराठीसारखी. ‘तो घरी आहे’ आणि ‘तो घरी असतो’ यांतला फरक आपल्याला जन्मतः कळतो. प्रमाण इंग्रजीत दोन्हीकडे एकच ‘इज’. आयरिश माणसाला ते अपुरं वाटलं असणार, आणि त्याच्या इंग्रजीत ‘ही डझ बी’ किंवा ‘ही बीज’ असा रीतिकाळ दिसतो. न्यूफाउंडलंडमध्येही ‘बीज’ ऐकू येतो. म्हणजे हाही आयरिशच? इथे थबकावं लागतं. कारण नैऋत्य इंग्लंडच्या खेड्यांत ‘डू’ लावून नेहमीची क्रिया सांगण्याची चाल होतीच, आणि त्या खेड्यांतले लोकही याच बेटावर आले होते. एका मुलाचे दोन दावेदार बाप. अशा वेळी दोघांचा हात लागला असं म्हणणंच प्रामाणिक.

उलट बाजूही आहे. वेल्श भाषेत पूर्ण काळ चक्क ‘नंतर’ या अर्थाच्या ‘वेदी’ शब्दानेच होतो, म्हणजे साचा आयरिशचाच भाऊ. तरी वेल्समधल्या इंग्रजीत ‘आफ्टर’ आयर्लंडसारखा रुजला नाही. परकी भाषा दार उघडून देते. आत यायचं की नाही, हे दुसऱ्याच गोष्टी ठरवतात.

तीन प्रश्नांच्या पलीकडे आणखी एक पुरावा असतो, तो बोटाच्या ठशासारखा. सिंगापूरचं उदाहरण घ्या. १८१९ मध्ये इंग्रजांनी तिथे ठाणं वसवलं आणि दक्षिण चीनमधून, विशेषतः फुजियान प्रांतातून, माणसं येत राहिली. त्यांची होक्किएन बोली. तिच्यात वाक्याच्या शेवटी ‘लिआऊ’ लावला की क्रिया पुरी झाल्याचं कळतं. सिंगापूरच्या बोलीइंग्रजीत त्या जागी ‘ऑलरेडी’ आला : ‘आय ईट ऑलरेडी’, मी जेवलो. इथवर कुणी म्हणेल, हे इंग्रजीतही आपोआप घडू शकतं. पण तिथली माणसं ‘रेन ऑलरेडी’ असंही म्हणतात, आणि त्याचा अर्थ पाऊस पडून गेला असा नसून पाऊस सुरू झाला असा असू शकतो. नवी स्थिती लागली, हे सांगणं हे ‘लिआऊ’चं काम, इंग्रजी ‘ऑलरेडी’ला एकट्याने ते पेलत नाही. शब्दाबरोबर त्याच्या गरजेपेक्षा जास्तीचा अर्थ आला असेल, तर समजावं की तो कुणाच्या तरी घरून आला आहे. सिंगापूर सरकारने २००० साली ‘नीट इंग्रजी बोला’ अशी मोहीम काढली. ती काढण्यामागची व्यापारी गरज मला समजते. तरी त्या लाल रेघेखाली काय काय येतं, हेही मला समजतं.

माझी चूक

आठ-नऊ वर्षांपूर्वी एका वाचनालयाच्या वर्धापनदिनी मी या विषयावर बोललो होतो. तेव्हा माझं लाडकं उदाहरण अमेरिकेचं होतं. ब्रिटिश माणूस ‘हॅव यू ईटन येट?’ विचारतो, अमेरिकन माणूस सहज ‘डिड यू ईट येट?’ म्हणतो. पूर्ण काळाच्या जागी साधा भूतकाळ. का? मी छातीठोक सांगितलं : स्थलांतरितांमुळे. आयरिशमध्ये ‘हॅव’चा पूर्ण काळ नाही. दक्षिण जर्मनीच्या बोलींत साधा भूतकाळ जवळजवळ गळून पडला आहे, एकाच रूपावर भागतं. पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या यिडिशमध्येही तेच. ‘इख हॉब गेगेसन’ म्हणजे मी जेवलो आणि मी जेवलो आहे, दोन्ही. १८८१ ते १९२४ या काळात वीस लाखांवर ज्यू अमेरिकेत आले, जर्मन आणि आयरिश तर त्याआधीपासून लाखोंनी. ज्यांच्या कानाला दोन भूतकाळांतला फरकच ऐकू येत नाही, ते तो इंग्रजीत कसा पाळतील? टाळ्या पडल्या.

मग मागच्या रांगेतून इंग्रजीचे एक निवृत्त शिक्षक उठले. म्हणाले, “अहो, अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत तुमचे हे लोक फारसे गेलेच नाहीत. मग तिथले लोक ‘डिड यू’ कसं म्हणतात?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी येऊन मी पुन्हा वाचायला बसलो, आणि तिसऱ्या प्रश्नावर माझा दावा कोसळला. इंग्रजीत या दोन काळांमधली भिंत पूर्वी आजच्याइतकी पक्की नव्हतीच. शेक्सपिअरच्या काळातली माणसंही, आजचा इंग्रज जिथे पूर्ण काळ वापरेल तिथे साधा भूतकाळ वापरून जात. नॉर्वेचे योहान एल्सनेस यांनी १९९७ मध्ये या दोन काळांचा शतकानुशतकांचा हिशेब एका ग्रंथात मांडला. त्यातून दिसतं ते असं की या काळांचं पारडं इंग्रजीच्या आतच वरखाली होत आलं आहे, आणि अमेरिकेत ते साध्या भूतकाळाकडे अधिक झुकलं. स्थलांतरितांनी त्या झुकलेल्या पारड्यात मूठभर टाकली असेल, नाही असं नाही. ‘एनफ ऑलरेडी’सारख्या बोलण्यात यिडिशचा ‘शोइन’ डोकावतो, हे मान्य आहे. पण सबंध काळ त्यांनी बदलला, हे म्हणायला मला अधिकार नव्हता.

मी का घसरलो, याचा नंतर विचार केला. ते उत्तर खरं असावं अशी माझी इच्छा होती. लाखो गरीब माणसं बोटीतून उतरतात आणि जगातल्या सर्वांत बलाढ्य भाषेचा काळ वाकवतात, ही गोष्ट खाणावळीत हसल्या गेलेल्या पोराला हवीच होती. हिशेबात तूट आली की रोखपाल पुन्हा मोजतो. आकडा मनासारखा आला की मोजत नाही. संशोधनात नेमकं तेव्हाच पुन्हा मोजायला हवं.

जेवून राहिलो

म्हणून शेवटी तेच तीन प्रश्न मी माझ्या बोलीला विचारले. ‘करून राहिला’ ही रचना शेजारच्या भाषेत आहे का? आहे : हिंदीतलं ‘कर रहा है’. माणसं एकत्र होती का? होती. नागपूर मध्य प्रांताची राजधानी, १९०३ मध्ये वऱ्हाडही त्याच प्रांताला जोडला गेला, आणि १९५६ पर्यंत तिथली कचेरी, बाजार, रेल्वे सगळं मराठी-हिंदी मिसळीत चाललं. इतर मराठीत ही रचना चालू क्रियेसाठी येते का? नाही, म्हणून तर ती पंगत हसली. आणि बोटाचा ठसाही आहे. हिंदीतलं ‘कर रहा’ मधलं मोकळं ‘कर’ म्हणजे मुळात ‘करून’ याच अर्थाचं जुनं रूप. वऱ्हाडी माणसाने ते आंधळेपणाने उचललं नाही. त्याच्या जागी स्वतःचा ‘ऊन’ प्रत्यय बसवला. साचा शेजाऱ्याचा, माती घरची. आयरिश माणसाने ‘आफ्टर’च्या बाबतीत केलं, तेच.

एवढा हिशेब जुळतो. तरी तिसऱ्या प्रश्नासाठी जुनी वऱ्हाडी कागदपत्रं अजून चाळतो आहे, कारण आकडा मनासारखा आला आहे.

परवा भाच्याचा पुन्हा फोन आला. आता त्याला तिथे दोन वर्षं झाली. घरमालकीणबाई आजारी होत्या, तर त्यांच्यासाठी पेज करून दिली म्हणाला. बाईंनी वाटी संपवली आणि ‘आफ्टर’ घालूनच काहीतरी सांगितलं. या वेळी त्याला ते नीट समजलं.

“आणि तू? जेवलास का?” मी विचारलं.

“जेवूनच राहिलो, मामा.”

“बरं, जेव सावकाश,” मी म्हणालो.